सुपातले तीन गुंठे

लग्नातल्या जेवणाच्या रांगेत माझ्या मागे उभा असलेला, चाळिशी उलटलेला, पोट सुटलेला गृहस्थ माझा माजी विद्यार्थी निघणार, हे मला आता पाठीलाच कळतं. तो ताटली सांभाळत वाकून नमस्कार करतो आणि आजूबाजूच्या चौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतो, "सर, तुमी आमाला एवढं लसावि, मसावि, समलंब चौकोन शिकवलं, पर खरं सांगू का, आयुष्यात एकदाबी कामाला आलं न्हाई." चौघेही हसतात. मीही हसतो, कारण पुढे जिलेबी असते. मनात मात्र म्हणतो, बाबा रे, गणित तुझ्या कामाला आलं नाही असं नव्हे, तूच कधी गणिताच्या कामाचा नव्हतास.

तासगावच्या एका हायस्कुलात मी एकतीस वर्षं गणित शिकवलं. आता निवृत्त होऊन सांगलीत विश्रामबागेला राहतो. निवृत्त मास्तराजवळ सकाळचं फिरणं आणि स्वतःविषयीचा आदर एवढंच उरतं. त्यातला आदर माझ्या सासुरवाडीच्या एका शेतात गेला. गावाचं नाव सांगत नाही, कुंडल आणि आष्ट्याच्या मधे कुठंतरी आहे असं समजा. मला अजून तिथं जेवायला जायचं आहे.

सासरे वारले त्याला दोन वर्षं झाली. मागे मोठा मेहुणा आकाराम, धाकटा मेहुणा भाऊसो आणि या दोघांच्या मधली माझी बायको शालू. आकारामनं जन्मभर ऊस केला. भाऊसो फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन आला आणि आल्याबरोबर त्यानं घरात शिस्त आणायला सुरुवात केली, म्हणजे भांडणं लागली. इतर जमीन सासऱ्यांनी हयातीतच वाटून दिली होती. राहिलं होतं 'सूप' नावाचं एक शेत. रस्त्याकडची बाजू रुंद, ओढ्याकडची अरुंद, दोन्ही अंगांचे बांध तिरके. लांबून बघितलं तर सूपच ठेवलंय असं वाटतं. या सुपावरून दोघे भाऊ दोन महिने एकमेकांशी बायकांमार्फत बोलत होते.

शालूनं भाजी निवडता निवडता मला सांगितलं, "कोर्टकचेरी झाली तर भाऊबिजेला मी कुणाच्या दारात उतरायचं? एकाकडे गेले की दुसरा तोंड फिरवणार. माझं माहेर बंद पडेल. तुम्ही एवढे गणिताचे मास्तर, एक वाटणी सरळ करून देता येत नाही?"

एवढे गणिताचे मास्तर! लग्नाला तेहतीस वर्षं झाली, पण हे शब्द या घरात प्रथमच उच्चारले गेले होते. मी त्याच दिवशी गणपती पेठेत जाऊन शंभर मीटरचा नवा टेप आणला. शेजारचे रामगोंडा पाटील, हळदीचे व्यापारी, फाटकाशी उभे होते. टेप बघून त्यांनी सगळं ओळखलं.

"मास्तर, सासरच्या वाटणीत शिरू नका. मेहुणे मेहुणे एक होतील आणि जावई बांधावर राहील," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "आणि ह्याला गणित कशाला लागतंय? मला गणितात पस्तीस होते. काय अडलं माझं?"

या माणसाचं खरोखरच काही अडलेलं नाही, हे माझं जुनं दुखणं आहे. मी एसटी पकडली.

शेतावर पोचलो तर बांधावर पंधरावीस माणसं. आमच्याकडे कुणाच्या घरची वाटणी असली की गावाला सुट्टी पडते. मधोमध ज्ञानूनाना दोरी घेऊन बसलेले. गेली पन्नास वर्षं गावातला प्रत्येक तुकडा या नानांनी मोजलेला आहे. शाळा दुसरीत सुटली, पण गुणाकार तोंडी आणि आत्मविश्वास तर माझ्यासारख्या दहा मास्तरांना पुरून उरेल एवढा.

नानांनी मोठ्या मनानं माझा टेप वापरू दिला. रस्त्याकडची बाजू भरली तीनशे चोवीस फूट, ओढ्याकडची एकशे सोळा. दोन्ही तिरके बांध एकशे अठ्ठ्याण्णव, एकशे अठ्ठ्याण्णव. नानांनी डोळे मिटले.

"वरचं आन् खालचं मिळवायचं, निम्मं करायचं, दोनशे वीस. दोन अंगं मिळवायची, निम्मं, एकशे अठ्ठ्याण्णव. दोनींचा गुणाकार. गुंठा हजार एकोणनव्वद फुटांचा, तेनं भागायचं." डोळे उघडले. "चाळीस गुंठं. बरोबर एकर."

बांधावरून "व्वा नाना!" असा गजर झाला. मी घसा साफ केला. एकतीस वर्षांची सवय, कुणी फळ्यावर चूक केली की मला गप्प बसवत नाही.

"नाना, हे चुकतंय. हा समलंब चौकोन आहे. तिरकी बाजू धरायची नाही, उंची धरायची. वरच्या बाजूपासून खालच्या बाजूपर्यंत काटकोनात सरळ अंतर."

"उंची?" नानांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "मास्तर, शेत आडवं असतंय. उंची उसाला असती."

पंधरावीस माणसं मनसोक्त हसली. त्यातले निदान चार माझे विद्यार्थी होते आणि ते सगळ्यात जास्त हसले. मी हार मानली नाही. उसाच्या चार कांड्या मागवल्या, त्यांचा चौकोन मांडला आणि तो तिरका दाबून दाखवला: बघा, बाजू त्याच आहेत, पण आतली जागा कमी झाली. खाट ढिली झाली की तिरकी होते, तसंच हे. त्यावर एकानं आमच्याकडे आता दिवाण आहे असं सांगितलं. मी सरळ अंतर मोजलं, एकशे अडुसष्ट फूट. हिशेब करून सांगितलं, "शेत चौतीस गुंठे आहे. सातबाऱ्यावरही चौतीसच आहे."

"सातबाऱ्यावर आज्ज्यानं मुद्दाम कमी लावलंय दाजी," आकाराम म्हणाला. "शेतसारा वाचवाय."

भाऊसोनं मोबाईल काढला. बांधावरून चालत गेलं की क्षेत्रफळ सांगणारं एक ॲप त्याच्याकडे होतं. तो डावा उजवा करत शेताला पूर्ण चक्कर मारून आला. ॲपनंही चौतीस सांगितलं. तेव्हा नाना म्हणाले, "ते अमेरिकेचं हाय. त्याला हितला गुंठा काय ठावं?" हे सगळ्यांना पटलं. सरकार, गणित आणि उपग्रह एका बाजूला, ज्ञानूनाना दुसऱ्या बाजूला. गाव कुठल्या बाजूला गेलं हे सांगायला नको.

मी विचार केला, मरू दे. चाळीस म्हणा नाहीतर चौतीस, मधोमध कापलं की दोघांना सारखंच येणार. मोठेपणानं म्हणालो, "चाळीस तर चाळीस. वीस-वीस घ्या." एवढ्यावर थांबायचं होतं. पण बांधावर माझं हसं झालं होतं, ते भरून काढायला आणखी एक वाक्य बोललो: "आमची काळजी करू नका. आम्हाला यातलं काही नको. शालू सही देईल." बायका कौतुकानं बघायला लागल्या. दगडाबाई नावाच्या एक आजी पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "जावई असावा तर असा, बया." माझी छाती दोन बोटं फुगली. शालू तिथं नव्हती, ती सांगलीत घरी पोळ्या लाटत होती.

रस्त्याकडच्या बाजूचा मध्य काढला, ओढ्याकडच्या बाजूचा मध्य काढला, सुतळी ताणली, खुंट्या ठोकल्या. दोन तुकडे अगदी एकमेकांच्या आरशासारखे. मी हात झटकले. तेवढ्यात नाना म्हणाले, "थांबा, तुकडं मोजून घिऊ. व्यवहार चोख पायजे."

एका तुकड्याची वरची बाजू एकशे बासष्ट, खालची अठ्ठावन्न. मिळवून निम्मे एकशे दहा. एका अंगाला तिरका बांध एकशे अठ्ठ्याण्णव, दुसऱ्या अंगाला मधली सुतळी एकशे अडुसष्ट. मिळवून निम्मे एकशे त्र्याऐंशी. गुणाकार, भागाकार. नानांनी डोळे उघडले, पुन्हा मिटले, पुन्हा उघडले.

"साडेअठरा," ते हळू म्हणाले.

दुसरा तुकडाही साडेअठरा. साडेअठरा आणि साडेअठरा, सदतीस. अख्खं शेत चाळीस आणि त्याचे दोन तुकडे मिळून सदतीस. बांधावरची माणसं बोटांवर पुन्हा बेरीज करायला लागली.

"तीन गुंठं गेलं कुठं?" भाऊसोनं विचारलं.

तिथून पुढे जे झालं ते आठवलं की मला अजून घाम फुटतो. भाऊसोचं म्हणणं, जमीन हवेत विरघळत नाही, म्हणजे घुसखोरी झाली आहे. घुसखोरी म्हणताना तो आकारामकडे बघत होता. आकारामचं म्हणणं, फौजी आल्यापासूनच या घरात सगळं कमी पडायला लागलंय. नाना म्हणाले, टेप चायनाचा आहे, दुपारच्या उन्हात ताणतो आणि सावलीत आखडतो. मी ओरडून सांगत होतो, की चूक पद्धतीची आहे, तिरकी बाजू जितकी जास्त धराल तितकं खोटं क्षेत्र जास्त येणार, कापल्यावर मधली सरळ रेषा आत आली म्हणून खोटेपणा थोडा कमी झाला, बस्स! ऐकतो कोण? दगडाबाई मघाशी मला नावाजत होत्या, त्याच आता शेजारणीला सांगत होत्या, "मास्तरानं खुट्या ठोकल्या आन् जिमीन आटली बघ. हाताला लाभ न्हाई."

मग सल्ले सुरू झाले. एकानं म्हसोबाला नारळ द्यायला सांगितलं. एकानं खुंट्या काढून उलट्या बाजूनं ठोकायला सांगितलं. भाऊसोच्या बायकोनं सुचवलं, की दोघांना दोन-दोन पोरं आहेत, पुढंमागं चार तुकडे होणारच, तर आत्ताच चार करून बघा, गेलेलं सापडेल. चार केले. नानांच्या हिशेबानं सव्वाछत्तीस भरले. आणखी पाऊण गुंठा गेला.

"ह्या शेताला जेवढं कापाल तेवढं आटतंय," नानांनी जाहीर केलं, आणि प्रथमच त्यांच्या आवाजात भीती होती. आता, चाळीसवरून सदतीस, सदतीसवरून सव्वाछत्तीस. कापत राहिलात तर हिशेबातला खोटेपणाच थोडा थोडा कमी होत जाणार, जमीन नव्हे, हे नववीतल्या पोराच्याही ध्यानात यावं. मी तसं म्हणालो. आकाराम म्हणाला, "दाजी, तुमी शाळेतबी असंच मार्क कापायचा व्हय?"

आठवडाभरात 'आटणारं शेत' म्हणून कुणीतरी मोबाईलवर रील टाकलं. लोक मोटारसायकली लावून बघायला यायला लागले, सुपात उभं राहून फोटो काढायला लागले आणि उगवलेला हरभरा तुडवून गेले. सांगलीत रामगोंडा पाटलांनी ते रील मला फाटकात उभं राहून तीनदा दाखवलं. तिसऱ्यांदा दाखवताना म्हणाले, "ह्यात कोपऱ्यात टेप धरलेला माणूस तुमच्यासारखाच दिसतोय की."

दोघा भावांनी वकील बघायला सुरुवात केल्यावर मी शेवटचा उपाय काढला: सरकारी मोजणी. अर्ज ऑनलाईन करायचा होता. दोन दिवस ओटीपी येईना, आला तो आकारामच्या मोबाईलवर, आणि आकारामनं तो कुणाला सांगायचा नसतो म्हणून मला सांगितला नाही. मोजणी कार्यालयात गेलो तर आमच्या गटाचा नकाशा नेमका घडीवर फाटलेला. मग भूकरमापक निवडणुकीच्या कामावर. मग मशीन दुरुस्तीला. मग शेजारच्या उसाची तोड, रानात शिरता येत नाही. एका खिडकीवर माझी चौकशी झाली, "तुमचा या जमिनीशी संबंध काय?" मी म्हणालो, "गणिताचा." तो माणूस म्हणाला, "मग बाहेर थांबा."

शेवटी भूकरमापक आला आणि तो माझा विद्यार्थी निघाला. गोमटेश चौगुले, नववी ब, भूमितीत काठावर. त्यानं वाकून नमस्कार केला, काठीवर बसवलेलं यंत्र चारी कोपऱ्यांत टेकवलं आणि पाच मिनिटांत सांगितलं, "चौतीस गुंठं." यंत्राला दिवा होता आणि गोमटेशच्या गळ्यात ओळखपत्र होतं, त्यामुळे कुणी वाद घातला नाही. नानासुद्धा म्हणाले, "सरकार म्हणतंय तर असंल." मी गेले दोन महिने घसा फोडून तोच आकडा सांगत होतो. निदान गोमटेश तरी म्हणेल, की हे सरांनीच शिकवलं. तो यंत्राची घडी घालत म्हणाला, "सर, आता गणित-बिणित काय लागत न्हाई. सगळं मशीनच करतंय."

तरी जिंकलो ते जिंकलोच. सतरा-सतरा गुंठे ठरले. दोघे भाऊ एकमेकांशी थेट बोलले. मी बांधावर उभा राहून शालेय गणिताचं जीवनातील महत्त्व या विषयावर दहा मिनिटं बोललो. श्रोत्यांत पाच माणसं आणि दोन शेळ्या होत्या. शेळ्या शेवटपर्यंत थांबल्या.

पुढच्या रविवारी कागद करायला शालूला घेऊन गेलो. सासऱ्यांच्या मागे सातबाऱ्यावर वारस म्हणून तिन्ही नावं लागलेली, त्यामुळे बहिणीचं हक्कसोडपत्र लागतं. आमच्या भागात ते लागतं म्हणजे असतंच. बहिणीनं सही करायची, भावानं साडी घ्यायची आणि दर भाऊबिजेला ती साडी किती चांगली होती याची आठवण काढायची. जेवणं झाली. आकारामनं अंगणात सतरंजी टाकली, शालूपुढे कागद ठेवला, कागदावर साडी ठेवली आणि साडीवर पेन. भाऊसो, दोघांच्या बायका, साक्षीला ज्ञानूनाना, सगळे बसले होते.

शालूनं पेन आणि साडी बाजूला काढून ठेवली, चष्मा लावला आणि कागद पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. पुरी दोन पानं वाचली. मग माझ्याकडे न बघताच विचारलं, "चौतीस भागिले तीन किती?"

"अकरा पूर्णांक एक तृतीयांश," मी म्हणालो. सवयीनं. आकडा तोंडातून गेल्यावर मला कळलं, की प्रश्न काय होता.

माहेरच्या अंगणात बसली की शालूची भाषाही माहेरची होते. ती म्हणाली, "दोन महिनं समदं गाव शेत मोजतंय. कुणी दोरीनं, कुणी टेपानं, कुणी मशीननं. किती जणांत वाटायचं ते कुणीच मोजलं न्हाई व्हय?"

"शालू, अगं तुला काय कमी हाय?" आकाराम म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, खरंच आश्चर्य होतं. "मास्तरांची पेन्शन हाय, सांगलीला बंगला हाय."

"कमी कायबी न्हाई, दादा. मला मोजलंच न्हाई."

मी घाईनं मधे पडलो. "अगं, पण मी तेव्हाच सगळ्यांसमोर सांगितलं होतं, आपल्याला यातलं काही नको."

"तुमाला नको ते तुमी सांगितलं. मला इचारलं कवा?"

एकतीस वर्षं मी पोरांच्या वहीवर लाल शाईनं लिहीत आलो, की उदाहरण आधी नीट वाचा, काय दिलंय ते बघा. आणि वारस तीन हे सातबाऱ्यावर डोळ्यांसमोर दिलेलं असताना मी दोननं भाग देत बसलो होतो. तेवढंच नाही, दुसऱ्याच्या वाट्याचं दान करून बांधावर शाबासकीही घेतली होती. ज्ञानूनानांची चूक निदान सहा गुंठ्यांची होती. माझी बायकोएवढी होती. लाज वाटली, अगदी कान गरम होईपर्यंत.

नानांनी एक प्रयत्न करून बघितला. "पोरी, तीन तुकडं केलं तर शेत आनखी आटंल गं."

"आटू द्या नाना. आटून राहील ते माझं."

भाऊसो बराच वेळ सतरंजीचे दोरे ओढत बसला होता. फौजेतला माणूस, हिशेब सरळ असला की त्याला वाद सुचत नाही. शेवटी त्यानं हक्कसोडपत्र उचललं, चौघडी केली आणि खिशात घातलं. मग लहानपणी विचारत असेल तसं विचारलं, "आक्का, भाऊबिजेला येशील न्हवं?"

"येईन की. आता कुणाच्या दारात उतरू म्हणून ठरवत बसायला नको. माझ्या अकरा गुंठ्यांत उतरीन."

"अकरा पूर्णांक एक तृतीयांश," मी म्हणालो. आकारामनं माझ्याकडे बघितलं, नानांनी बघितलं, पण दोन महिन्यांत माझं हे पहिलंच उत्तर, जे त्या गावात कुणी खोडलं नाही.